घर बंद, पुढचं घर घ्या : साक्री तालुक्यातल्या एका पाहणीचं प्रकरण

गोष्ट धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातली आहे, पिंपळनेरच्या पुढे डोंगर लागतात त्या बाजूची एक भिल्ल वस्ती. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही आणि आमच्या विद्यापीठाच्या केंद्राचंही नाही, कारण वस्ती एवढी लहान आहे की नाव लिहिलं की कुठलं पोरगं कुठल्या आईचं हे तिथला कोणीही बोट दाखवून सांगेल. मी त्या केंद्रात फिल्डचं काम करते. केंद्राचा विषय आरोग्यातली विषमता, म्हणजे एकाच तालुक्यात एका घरातलं बाळ टुणटुणीत आणि दोन किलोमीटरवरच्या घरातलं बाळ वर्षाचं होईस्तोवर सारखं आजारी, हे का होतं ते लोकांसोबत बसून शोधायचं. "लोकांसोबत" हा शब्द आमच्या प्रस्तावात पानोपानी होता. तरी जे व्हायचं ते झालंच, आणि ते सगळं नीट लिहून ठेवायचं कारण एवढंच की अशीच पाहणी आत्ता या घडीला दुसऱ्या कुठल्यातरी तालुक्यात चालू असेल आणि तिथेही कोणीतरी कुलूप बघून पुढे जात असेल.

पाहणी जानेवारीत केली. जानेवारी का, तर पाऊस नाही, ऊन नाही, रस्ते सुके, कॉलेजच्या पोरापोरींना परीक्षा नाहीत आणि मार्चच्या आत पैसे खर्च दाखवायचे असतात. पाच वर्षांखालच्या मुलांचं वजन, उंची आणि दंडाचा घेर घ्यायचा होता. दंडाची ती रंगीत पट्टी आता बऱ्याच जणांना माहीत आहे, सहा महिने ते पाच वर्षांचं मूल, १२.५ सेंटीमीटरच्या वर हिरवा, ११.५ ते १२.५ पिवळा, ११.५ च्या खाली लाल, आणि लाल म्हणजे तीव्र कुपोषण, वाट बघायची वेळ नाही. सोबत आईला विचारायचं की बाळाला वरचं अन्न कधी सुरू केलं, काल काय खाल्लं, लसी कुठल्या झाल्या. घरं यादीतून चिठ्ठी टाकल्यासारखी निवडलेली होती.

आणि फॉर्मच्या सूचनांमधे सातव्या नंबरला एक ओळ होती. घर बंद असल्यास पुढचं घर घ्यावं.

ही ओळ कोणी लिहिली याचा शोध आम्ही नंतर घेतला, तर ती कोणीच अशी विचार करून लिहिली नव्हती, जुन्या एका पाहणीच्या फॉर्ममधून जशीच्या तशी आली होती. देशपातळीवरचं जे मोठं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण असतं, एनएफएचएस, त्यात निवडलेलं घर बंद निघालं तर बदली घर घेतच नाहीत, परत परत जातात आणि तरी नाही भेटलं तर ते घर 'नाही भेटलं' म्हणूनच मोजतात. त्याचं कारण आम्हाला सगळ्यांना एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या, पहिल्या वर्षात शिकवलेलं, परीक्षेत लिहून मार्क पण घेतलेले. पण रोजची अमुक इतकी घरं पूर्ण करायची असतात, गाडी चारला परत निघते, समोर कुलूप दिसतं आणि शेजारच्या ओट्यावर एक बाई पोराला घेऊन बसलेली असते, मग माणूस शेजारी वळतो. मीसुद्धा वळले. मी स्वतः भरलेल्या फॉर्मवरची ती बदली घरं मी नंतर मोजली आहेत.

आकडे चांगले आले. आमच्या अंदाजापेक्षा बरेच चांगले, आणि त्याने आम्ही सावध व्हायला पाहिजे होतो ते न होता आनंदी झालो. शेजारचा नंदुरबार जिल्हा, १ जुलै १९९८ पर्यंत तो धुळ्याचाच भाग होता, तिथे २०१९-२१ च्या सर्वेक्षणात पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं कमी वजनाची निघालेली, आणि इथे त्याच डोंगराच्या कुशीत आमच्या पट्ट्या हिरव्या. आम्ही अर्थही लावून टाकला की अंगणवाडीचं काम चांगलं आहे, परसबागा आहेत, रस्ता झाला आहे. अंगणवाडी ताई खरंच जीव तोडून काम करते, ते खोटं नव्हतं. आमच्या केंद्राच्या मॅडमनी तालुक्याच्या एका बैठकीत स्लाइड दाखवली, टाळ्या झाल्या.

आता पद्धत अशी की अहवाल छापायच्या आधी गावात वाचून दाखवायचा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमधे समाजाला सोबत घेण्यावर भर आहेच, पण आमच्या मॅडमचा हा स्वतःचा नियम, की ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनी आधी ऐकलं पाहिजे. हे वाचन मार्चमधे ठरलं, मग विद्यापीठाच्या परीक्षा आल्या, पुढे गेलं, आणि शेवटी झालं आखाजी झाल्यावर. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीच्या तोडीचा सण, झोके बांधतात, सासरच्या पोरी माहेरी येतात, सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं आखाजीला ठरतं. आणि कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, गेलेली माणसं आखाजीपर्यंत घरी येतात.

शाळेच्या खोलीत वाचन होतं. जानेवारीत मी त्या वस्तीत सहा दिवस फिरले होते, मला वाटायचं मला सगळे चेहरे माहीत आहेत. आत गेले तर निम्मी खोली अनोळखी. बायकांचे हात काळवंडलेले, उसाच्या पातीने चिरलेले, कडेला बारीक बारीक पोरं. मॅडमनी वाचलं, सोप्या भाषेत, चित्रं दाखवून. मागे एक म्हातारी बसलेली, तिच्या मांडीवर साधारण दीड वर्षाचं पोरगं. ती उठली नाही, बसल्या जागेवरूनच अहिराणीत बोलली, "पोरी, तुम्ही येतस तवय आम्ही घर नही ऱ्हातस. ज्या ग्यात त्यासनं कोन लिखी?"

तुम्ही येता तेव्हा आम्ही घरी नसतो, जे गेले त्यांचं कोण लिहिणार. एवढंच. खोलीत कोणी काही बोललं नाही. मग अंगणवाडी ताईने, बहुतेक सवयीनेच, पिशवीतली पट्टी काढली आणि त्या पोराच्या दंडाला लावली. लाल.

त्या पोराचं घर मला आठवत होतं आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला, कारण ते घर बंद नव्हतं. जानेवारीत मी त्या ओट्यावर बसून म्हातारीच्या हातचा चहा प्यायले होते. घरात ती आणि तिच्या मुलाची दोन मोठी पोरं, एक सातवीतली मुलगी आणि एक तिच्याहून लहान पण शाळेत जाणारा मुलगा. फॉर्मवर पहिला प्रश्न, काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं. मी तिघांची नावं लिहिली, पाच वर्षांखालचं मूल : नाही, आणि निघाले. तान्हं आईसोबत गेलं होतं, अंगावर पितं पोर मागे ठेवताच येत नाही. म्हणजे कुलपाची घरं सुटली ती वेगळी आणि उघड्या घरातलं सगळ्यात लहान, सगळ्यात नाजूक पोर सुटलं ते वेगळं. सहा महिने ते दोन वर्षं हा वरच्या अन्नाचा काळ, पोर घसरतं ते याच वयात, आणि नेमकं हेच वय उसाच्या फडात होतं.

हे स्थलांतर काही आजचं नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात गुजरातेतल्या बारडोली भागातल्या ऊसतोडीवर लिहिलं तेव्हाही तिथल्या मजुरांत खान्देशातून गेलेले मोठ्या संख्येने होते. सुरत-धुळे हायवे आमच्या तालुक्यातून जातो, दिवाळी झाली की कोंडाईबारीच्या घाटातून ट्रक भरून माणसं खाली उतरतात, काही घरं मार्गशीर्षातला डोंगऱ्यादेवाचा उत्सव करून मग निघतात. आधी मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, ती लग्नात नाहीतर आजारपणात नाहीतर पावसाळ्याच्या किराणात गेलेली असते आणि मग नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून ती फेडायला जातात. तिथे मिळणारं ज्वारीचं धान्य, खावटी, तेही मजुरीतून कापलं जातं. इकडे डोंगरावर पवनचक्क्या फिरतात, खाली तालुक्यातला साखर कारखाना कैक वर्षं बंद होता, आणि ऊस तोडायला दुसऱ्या राज्यात. हे सगळं आम्हाला माहीत होतं बरं का. प्रस्तावाच्या पार्श्वभूमीत दीड पान स्थलांतरावरच होतं. फक्त फॉर्म बनवणाऱ्या हाताला ते माहीत नव्हतं.

वाचन झाल्यावर केंद्रात जी बैठक झाली ती तीन तास चालली. एक मत असं की अहवालात एक टीप टाकावी, स्थलांतरित कुटुंबं यात कमी आली आहेत, आणि पुढे जावं, कारण पैसे देणाऱ्यांना तारीख दिलेली आहे. दुसरं मत की जे आकडे आहेत ते खोटे नाहीत, जेवढ्या मुलांचे आहेत तेवढ्यांचे खरेच आहेत. मी सगळे फॉर्म काढून बसले. आमच्यातल्या एका मुलाला सवय होती की बदली घर घेतलं की मूळ घराचा नंबर कोपऱ्यात पेन्सिलने लिहायचा. त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्या पेन्सिलच्या नंबरांवरून आणि अंगणवाडीच्या कुटुंब रजिस्टरवरून आम्ही यादी लावली तर बंद घरं विखुरलेली नव्हती, वस्तीच्या एका टोकाला, नाल्यापलीकडे, ज्यांना विहिरीची जमीन नाही त्यांची जवळपास सगळी रांगच. आणि त्यांच्या बदल्यात आम्ही घेतलेली घरं कोणाची, तर ज्यांना दुसरं पीक घेता येतं म्हणून जे जानेवारीत घरी असतात त्यांची. आम्ही गरिबांच्या जागी त्यांच्यापेक्षा बऱ्या परिस्थितीचे लोक बसवले आणि मग म्हटलं परिस्थिती बरी आहे. आरोग्यातली विषमता मोजायला गेलो आणि विषमतेचं एक अख्खं टोक कापून आलो. ही टीप टाकून भागणारी गोष्ट नव्हती.

मॅडमनी अहवाल थांबवला. तालुक्याच्या बैठकीत जी स्लाइड दाखवली ती चुकीची आहे असं पत्र स्वतःच्या सहीने पाठवलं, आणि हे मी लिहिते कारण असं पत्र पाठवणं किती अवघड असतं ते मी त्या दिवशी बघितलं.

अंगणवाडी ताईचं म्हणणं मात्र कोणीच धरलं नव्हतं. मी तिच्याकडे रजिस्टर मागायला गेले तेव्हा ती आधी गप्प राहिली, मग म्हणाली, "ताई, तुम्ही नवीन आकडे काढाल, लाल पोरं निघतील, नोटीस मला येईल. ऊस तोडायला मी पाठवलं का त्यांना?" आम्ही पहिल्यांदा चुकलो ते तिच्या फायद्याचं होतं, आणि आता दुरुस्त करणार ते तिच्या अंगावर येणार होतं. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून हिशोब असा की मूल अंगणवाडीच्या हद्दीत आहे, मग त्याचं वजन सेविकेची जबाबदारी. हद्दीतून सहा-सात महिने बाहेर राहून आलेल्या मुलाचं काय? २०२१ पासून पोषण ट्रॅकर अ‍ॅप आहे, त्यात स्थलांतराची नोंद करायची सोयही आहे, पण नोंद केली तरी पलीकडे कोणत्यातरी अंगणवाडीने ते मूल घ्यायला पाहिजे ना. ताईशी आम्ही लेखी ठरवलं की तिच्या वस्तीचे आकडे कुठेही एकटे दाखवायचे नाहीत, आणि प्रत्येक मुलाच्या नोंदीपुढे ते किती महिने गावात होतं हे छापायचंच. त्यानंतर तिने रजिस्टर दिलं. नंतर कळलं की तिच्याकडे अजून एक वही होती, कोण कधी गेलं कधी आलं याची, स्वतःसाठी ठेवलेली, सरकारी नव्हे. आमच्या सगळ्या कागदांपेक्षा ती वही खरी होती.

मुकादमाला घ्यायचं की नाही यावर गावातच भांडण झालं. सल्ल्यासाठी एक गट बनवायचा होता, महिन्यातून एकदा बसायचं, तेही रात्री जेवणं झाल्यावर, आणि बसणाऱ्याला त्या वेळेचे पैसे द्यायचे. मुकादम स्वतःहून आला. म्हणाला, कोण कुठल्या पडावावर, म्हणजे तोडणीच्या तळावर, आहे ते मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल, मला घ्या. खरंच होतं ते. गेलेल्या माणसांची सगळ्यात पूर्ण यादी त्याच्याकडेच. केंद्रातल्या बऱ्याच जणांना वाटलं घ्यावं. म्हातारीने विरोध केला, त्याच्यासमोर नाही, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे. म्हणाली तो बसला तर उचलीबद्दल कोण बोलेल, आणि उचलीबद्दल बोलायचं नसेल तर पोराच्या भाकरीबद्दल काय बोलायचं. शेवटी मुकादमाकडून फक्त पडावांची ठिकाणं घेतली, गटात घेतलं नाही, आणि त्याला तसं स्पष्ट सांगितलं. तो नाराज झाला, अजूनही आहे. पण मला हा निर्णय बरोबर वाटतो. आपण "समाजाचा सहभाग" म्हणतो तेव्हा समाज म्हणजे सगळ्यात आधी जो समोर येऊन बोलतो तो असं धरून चालतो, आणि गावात आधी बोलायची मुभा कोणाला असते हे खान्देशात काय, कुठेही वेगळं नाही.

गटाने पहिली गोष्ट बदलली ती कॅलेंडर. आमचं जानेवारी-मार्च त्यांनी बाजूला ठेवलं. मापं दोनदा घ्यायची, एकदा पोळा झाल्यावर, सगळे घरी असतात आणि उचलीची बोलणी चालू असतात तेव्हा, आणि दुसऱ्यांदा आखाजी झाल्यावर आठ दिवसांच्या आत. तेच मूल, तीच पट्टी, दोन वेळा. न जाणाऱ्या घरातली मुलंही तशीच दोनदा. सातव्या नंबरची ओळ काढली आणि तिच्या जागी तीन प्रश्न आले : घर बंद असेल तर कधीपासून, कुठे गेले, सोबत कुठली मुलं गेली आणि मागे कोण राहिलं. पहिला प्रश्नही बदलला, काल रात्री कोण झोपलं होतं असं नाही, पोळ्याला या घरात कोण कोण जेवलं असा. हा प्रश्न म्हातारीने सुचवला आणि मला विचाराल तर सगळ्या पाहणीतला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे, कारण पोळ्याची पुरणपोळी कोणाकोणाला दिली हे कुठलीही बाई विसरत नाही.

मग आम्ही दोघीजणी डिसेंबरात पडावावर गेलो, सुरत जिल्ह्यात. पडाव म्हणजे शेताच्या कडेला ताडपत्रीच्या कोप्या. पहाटे अंधारात आया फडात जातात, पोरं सोबत, उसाच्या पाचटावर चिंध्यांवर झोपवलेली, आठ-नऊ वर्षांची बहीण राखायला. दुपारी भाकर आणि मिरची. तान्ह्याला दूध मिळतं ते आईला तोडणीतून उसंत मिळेल तेव्हा. गावात असती तर डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत, ती २०१५ पासून आदिवासी भागात आहे, बाळंतीण बाईला अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळालं असतं, पण ते जेवण अंगणवाडीतच मिळतं, फडात नाही. तिथल्या गावाची अंगणवाडी जवळच होती. तिथली बाई वाईट नव्हती, तिने सांगितलं पाठवा, पण कोणी पाठवत नाही, एक तर गुजराती येत नाही, दुसरं म्हणजे पडाव महिन्याभरात उठतो, आणि तिसरं म्हणजे अंगणवाडी उघडते तेव्हा आई फडात असते.

रेशनचं एक कोडं तिथे सुटलं. एक देश एक रेशन कार्डमुळे धान्य तिथे घेता येतं हे बहुतेकांनी ऐकलं होतं, पण कोणी घेत नव्हतं, कारण सगळ्यांना वाटायचं की तिकडे अंगठा लावला की इकडे म्हातारा-म्हातारीचं बंद. प्रत्यक्षात थोडं इकडे, थोडं तिकडे असं वाटून उचलता येतं. ही एवढीशी माहिती वर्षानुवर्षं त्या घाटाच्या खाली उतरलीच नव्हती. पुढच्या पोळ्याला गटाने हे प्रत्येक घरी सांगितलं, आणि लसीकरणाचं कार्ड घरातल्या पेटीत राहू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते कोयत्याच्या सामानासोबत बांधायचं ठरलं. काही घरांनी केलं, काहींनी नाही.

आमच्या त्या पडावभेटीनंतर आलेल्या आखाजीला दुसरी मापं घेतली. जाऊन आलेल्या घरांमधली पोळ्याला हिरव्यात असलेली काही मुलं पिवळ्यात आलेली, पिवळ्यातली काही लालमधे. न जाणाऱ्या घरांत असं सरकलेलं फार थोडं. आणि एक गोष्ट आम्ही शोधायला गेलो नव्हतो ती पण दिसली, मागे राहिलेल्या म्हाताऱ्याच नातवंडांना घालून स्वतः कमी खातात, वजनकाट्यावर पोरांसोबत गंमत म्हणून उभ्या राहिल्या तेव्हा कळलं. त्यावर अजून काही काम झालेलं नाही.

लाल मुलांसाठी ग्राम बाल विकास केंद्र लागलं, म्हणजे गावातच अंगणवाडीत दिवसातून अनेक वेळा खाऊ घालणं आणि औषधं. ते नेहमी कागदावर वर्षभर कधीही लागतं, इथे पहिल्यांदा आखाजीच्या तारखेला जोडून लागलं. म्हातारीचं पोरगं, पहिल्या वर्षी जे लाल होतं, ते तालुक्याला पोषण पुनर्वसन केंद्रात राहून आलं आणि सावरलं. त्याची आई यंदा परत कोयत्याला गेली, उचल फिटलेली नव्हती. पोर आता मोठं झालं म्हणून आजीकडे राहिलं. पण तिला पाठचं झालं आहे, चार महिन्यांचं, ते सोबत गेलं.

काय सुटलं नाही ते सांगायला पाहिजे. उचल तशीच आहे. पलीकडच्या अंगणवाड्यांची वेळ तशीच आहे, पत्रं दिली, उत्तर आलेलं नाही. मजुरी, फडातला पाळणा, बाळंतिणीला सुट्टी, यातलं काही एक विद्यापीठाचं केंद्र देऊ शकत नाही आणि तसं भासवूही नये. आम्ही फक्त नाल्यापलीकडची रांग कागदावर आणली. पैसे देणाऱ्यांनी मुदत वाढवून दिली, एका वर्षाची.

ताईची वही आता गटाची वही झाली आहे, पोळ्यानंतर दर आठवड्याला त्यात कोण निघालं ते लिहितात. म्हातारीला लिहिता येत नाही, ती बोलते आणि तिची सातवीतली नात, आता नववीत गेली, ती लिहिते. गेल्या आठवड्यात फोन आला होता नातीचा, चार महिन्यांच्या बाळाला ताप आहे, पडाव हलला आहे, नवीन ठिकाण कोणाला माहीत नाही, मुकादम फोन उचलत नाही, तुम्ही कोणाला विचाराल का. मी तिकडच्या त्या अंगणवाडीतल्या बाईंना फोन लावला आहे, त्या आज बघून सांगते म्हणाल्या.